शर्यतीचे दिवस व अश्वपैदाशीचा धंदा

घोड्यांच्या शर्यतींचा विषय शेतकीच्या मासिकांत कां यावा, असा प्रश्न वाचकांच्या मनांत प्रथमच येईल. परभणी जिल्ह्यांत शर्यतीचें मैदान नाहीं. आपणांस जवळचें म्हणावें असें मैदान हैदराबादेस मलकपेठेंत, नाहीं तर पुण्यास. शिवाय शर्यत म्हटली कीं पैज, आणि पैज म्हटली कीं घरादाराची राखरांगोळी, अशी आपल्याकडील समजूत आहे व ती खोटी नाहीं. तथापि शर्यतीच्या मागें पैज असते तसें एक जनावरही असतें, आणि त्या जनावराच्या मागें पैदास, चारा, चंदी, मोतद्दार, नालबंद, सालोत्री असा मोठा संसार असतो. हा संसार पैजेचा नसून शेतीच्याच जातीचा आहे. गेल्या कांहीं वर्षांत मुंबई, पुणें, हैदराबाद, बंगळूर व चेन्नई येथें शर्यतीचे दिवस किती असावेत, मैदान ठेवावें कीं काढून घ्यावें, पैजेवर कर किती व कशावर बसवावा, यांविषयीं मोठे वाद झाले. त्या वादांत जनावर पाळणाऱ्यानें शिकण्यासारखें एक तत्त्व आहे. तें वाचकांपुढें ठेवावें, एवढ्याचसाठीं हा लेख.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे. भीमथडीच्या तट्टांची कीर्ति आपल्या प्रांतांत जुनी आहे. परंतु शर्यतीचा घोडा तो नव्हे. इंग्रजी अमलांत बसऱ्याकडून अरबी घोडे गलबतांतून मुंबईस उतरत व तेथून फौजेंत आणि शर्यतींत जात. मुंबईंतील शर्यती आधीं भायखळ्यास होत असत. १८८३ सालीं त्या महालक्ष्मीस गेल्या. पुढें १९२५ मध्यें पश्चिम हिंदुस्थानांतील शर्यतींची व्यवस्था पाहणारा टर्फ क्लब स्थापन झाला व १९३५ मध्यें त्यास ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. मुंबई व पुणें येथील दोन्हीं मैदानें याच क्लबाकडे आहेत. पहिली इंडियन डर्बी १९४३ सालीं महालक्ष्मीस झाली व ती ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीनें जिंकली. हैदराबादेंत सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकीर्दींत शर्यती मौलाअलीस होत, त्या १८८६ मध्यें मलकपेठेस आल्या. आपला जिल्हा त्या राज्यांत असतांना, १३५८ फसलींत, म्हणजे इ. स. १९४८-४९ मध्यें, घोड्यांच्या शर्यती व पैजेवरील कर यांचा स्वतंत्र कायदा तेथें झाला. इकडे मुंबई इलाख्यांत शर्यतीच्या मैदानांस परवाना देण्याचा कायदा १९१२ मध्यें व पैजेवरील कराचा कायदा १९२५ मध्यें झाला होता. सारांश, सरकारनें परवाना द्यावयाचा, कर घ्यावयाचा आणि क्लबानें शर्यत भरवावयाची, ही वहिवाट शंभर वर्षांची आहे.

आतां शर्यतीचें जनावर तयार कसें होतें तें पाहूं; कारण सर्व वादाचें मूळ तेथेंच आहे. शर्यतींत धांवणाऱ्या जातीस ‘थरोब्रेड’ म्हणतात. या जातीच्या प्रत्येक घोड्याची वंशावळ बापाकडून इंग्लंडांत गेलेल्या तीन पौर्वात्य वळूंपर्यंत पोंचते. प्रत्येक शिंगराची नोंद वंशावळीच्या वहींत झालीच पाहिजे. आपल्या देशांतील ही वही पुण्यास ठेवली जाते. ज्याची नोंद नाहीं त्यास शर्यतींत प्रवेश नाहीं. गाईम्हशींना आपण आतां दवाखान्यांत नेऊन कृत्रिम रेतन करून आणतों. परंतु थरोब्रेड जातींत कृत्रिम रेतन सर्व जगांत वर्ज्य आहे. वळू व घोडी यांचा प्रत्यक्ष संयोग झाला तरच शिंगराची नोंद होते. म्हणून चांगला वळू जेथें असेल तेथें घोड्या न्याव्या लागतात, आणि अशा पैदासशाळा पुण्याच्या आसपास बऱ्याच उभ्या राहिल्या आहेत.

घोडीचा गर्भकाळ सुमारें अकरा महिन्यांचा. शिंगरूं जन्मल्यावर पांचसहा महिने आईजवळ असतें. मग दूध तोडणें, हातावर आणणें, जीन-लगामाची संवय लावणें या गोष्टी होतां होतां दोन वर्षें जातात. दोन वर्षांचें झाल्यावर तें मैदानावर येतें आणि त्याची खरी परीक्षा तिसऱ्या व चौथ्या वर्षीं होते. इंडियन डर्बी ही चार वर्षांच्या जनावरांची शर्यत आहे. म्हणजे घोडी फळविण्यापासून डर्बीच्या दिवसापर्यंत पुरीं पांच वर्षें लागतात. या पांच वर्षांत त्या जनावरास हरभरा, जव, ओट, लसूणघास, वाळलेलें गवत, गाजरें हीं रोज लागतात. मोतद्दाराचा पगार दरमहा द्यावा लागतो. नाल ठराविक मुदतीनें बदलावे लागतात. उत्पन्न मात्र पहिली शर्यत धांवेपर्यंत कांहीं नाहीं. आमराई लावणारास हा हिशेब समजावून सांगण्याची जरूर नाहीं.

शर्यतीचा दिवस म्हणजे या धंद्याचा बाजारदिवस होय. मुंबईचा हंगाम साधारणतः नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत आणि पुण्याचा पावसाळ्यांत, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. बाजारदिवशीं पैजेची जी उलाढाल होते तींतून क्लबाला कांहीं हिस्सा मिळतो, त्यांतून बक्षिसें दिलीं जातात, बक्षिसावर मालक तबेल्याचा खर्च चालवितो, तबेल्याच्या खर्चांत मोतद्दाराचा पगार असतो, आणि बक्षिसाच्या आशेवर शिंगराची किंमत ठरते. दिवस कमी झाले कीं बक्षिसें कमी होतात. बक्षिसें कमी झालीं कीं मालक दोन घोड्यांऐवजीं एकच ठेवतो. मग पैदासशाळेंत शिंगरें पडून राहतात. आणि पुढच्या सालीं पैदासदार निम्म्या घोड्या रिकाम्या ठेवतो. त्याचा परिणाम मैदानावर तीन-चार वर्षांनीं दिसतो. घोडे कमी आले, म्हणून दिवस आणखी कमी करा, असें क्लब मग म्हणूं लागतो. विहिरीचें पाणी आटलें म्हणून मोट कमी, मोट कमी म्हणून पीक कमी, आणि पीक कमी म्हणून विहीर खोल करण्यास पैसा नाहीं, असें हें चक्र आहे.

या बाबतींत दोन पक्ष आहेत व दोघांचेंही म्हणणें ऐकून घेण्यासारखें आहे. क्लबांचें म्हणणें असें कीं, एका शर्यतींत चार-पांचच घोडे धांवले तर पैज लावणारास गोडी राहत नाहीं. त्यापेक्षां थोडे दिवस भरवावे पण मैदान भरलेलें असावें. शिवाय दूरच्या मैदानावरील शर्यत दूरचित्रवाणीनें दाखवून तिच्यावर पैज घेतां येते. मग आपलें मैदान, आपले तबेले व आपलीं बक्षिसें यांवर इतका खर्च कशास? घोडे शिकविणारांचें व पैदासदारांचें उत्तर असें कीं, घोडा वर्षाचे तीनशें पासष्ट दिवस खातो, तो शर्यतीचे दिवस मोजून खात नाहीं. दुसऱ्या गांवच्या शर्यतीवर पैज घेऊन क्लब जगेल, पण प्रत्येक गांवानें तसें ठरविलें तर शेवटीं धांवावयास घोडा येणार कोठून? आमच्या मतें हें दुसरें म्हणणें अधिक खरें आहे. परगांवचा माल विकून अडत मिळविणारा बाजार कांहीं वर्षें भरभराटींत दिसतो. पण गांवचा शेतकरी पेरणें सोडतो तेव्हां त्या भरभराटीचें मोल कळतें.

कराचा वाद यापेक्षां अवघड आहे. तो आडत दुकानाच्या उदाहरणानें लवकर समजेल. शेतकऱ्यानें शंभर रुपयांचा माल विकला व अडत्यानें आपली अडत घेतली. कर अडतीवर बसवावा कीं शंभर रुपयांवर? वस्तु व सेवा कर २०१७ मध्यें आला तेव्हां पैजेवर २८ टक्के दर लागला, आणि तो पैजेच्या पुऱ्या रकमेवर घ्यावा कीं क्लबाच्या हिश्शावर, असा तंटा उभा राहिला. कर्नाटक उच्च न्यायालयानें २०२१ मध्यें क्लबाच्या हिश्शावरच घ्यावा असा निकाल दिला. नंतर कायदाच बदलून १ ऑक्टोबर २०२३ पासून पुऱ्या रकमेवर २८ टक्के ठरले, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो दर ४० टक्के झाला. सरकारचें म्हणणें, जुगाराच्या जातीच्या व्यवहारावर जबर कर असावा. आणि सामान्य गृहस्थास तें पटतेंही. क्लबांचें म्हणणें, सर्वोच्च न्यायालयानें १९९६ मध्यें घोड्यांची शर्यत ही मुख्यतः कौशल्याची बाब असल्याचें ठरविलें आहे. शिवाय कर जबर झाला कीं पैज लावणारा पैज सोडीत नाहीं, तो मैदानाबाहेरील चोरट्या बुकीकडे जातो. तो बुकी सरकारास कर देत नाहीं व घोड्यास चंदीही देत नाहीं. महसुलाच्या दप्तरांत ज्यानें नोकरी केली त्यास हें नवें नाहीं. दर चढविला म्हणजे वसूल चढतोच असें नाहीं. कधीं वसूल होणारी बाबच दप्तरांतून नाहींशी होते.

तिसरा वाद जमिनीचा. महालक्ष्मीचें मैदान सुमारें २११ एकरांचें. त्याचा पट्टा २०१३ मध्यें संपला व पुढें दहा वर्षें प्रश्न लोंबकळत राहिला. अखेर २०२४ मध्यें तोड निघाली ती अशी कीं, १२० एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठीं मुंबई महापालिकेकडे जावी व ९१ एकर ३० वर्षांच्या पट्ट्यानें, म्हणजे २०५३ पर्यंत, क्लबाकडे राहावी. चेन्नईचा प्रकार निराळा. तेथील क्लबास १९४५ सालीं ९९ वर्षांच्या मुदतीनें सुमारें १६० एकर जमीन मिळाली होती. भाडें सालाचें ६१४ रुपये १३ आणे! पुढें सरकारनें भाडें वाढविलें, क्लबानें तें मानलें नाहीं, आणि थकबाकी ७३० कोटींच्या वर गेल्याचें सरकारनें दाखविलें. सप्टेंबर २०२४ मध्यें पट्टा रद्द करून सरकारनें जागेस कुलूप लावलें. लोकवस्तीनें गजबजलेल्या शहरांत मोकळ्या जमिनीवर सर्व लोकांचा हक्क आहे, हें आम्हांस मान्य आहे. शंभर वर्षांपूर्वींच्या आण्यांच्या भाड्यावर कोणीही कायमचा दावा सांगूं नये, हेंही मान्य आहे. परंतु मैदानास कुलूप लागलें त्या सकाळीं तबेल्यांतील घोड्यांना दाणा कोणीं घालावयाचा, हा प्रश्न पट्ट्याच्या कागदांत नसतो.

आतां हे सर्व धागे एकत्र करून एका शिंगराचा हिशेब मांडूं. पुण्याजवळील एखाद्या पैदासदारानें २०२१ च्या उन्हाळ्यांत आपली घोडी फळविली असें धरा. त्या वर्षीं कर क्लबाच्या हिश्शावरच असावा असा निकाल लागला होता, म्हणून त्यास उमेद वाटली. शिंगरूं २०२२ मध्यें जन्मलें. तें पुरतें दोन वर्षांचें होण्याच्या आंतच पुऱ्या रकमेवर कर आला. तें मैदानावर यावयाचें त्या सालीं, २०२४ मध्यें, मुंबईच्या मैदानाचें क्षेत्र निम्म्याहून कमी करण्याचें ठरलें, चेन्नईच्या मैदानास कुलूप लागलें, व बंगळुरांत उन्हाळ्यांत कांहीं काळ सरकारनें परवानाच दिला नाहीं. तें तीन वर्षांचें असतां, २०२५ मध्यें, कर ४० टक्के झाला. फेब्रुवारी २०२६ मध्यें तें डर्बीच्या वयास पोंचलें, तेव्हां ज्या बाजारासाठीं त्याला जन्म दिला तो बाजारच राहिला नव्हता. या पांच वर्षांत पैदासदाराची चूक कोणती? त्यानें चाऱ्यांत कसूर केली नाहीं, नोंदींत लबाडी केली नाहीं. जनावराची वाढ पांच वर्षांची आणि धोरणाचें आयुष्य एका वर्षाचें, या विसंगतींतच त्याचें नुकसान आहे.

परदेशांतही हेंच दिसतें. सिंगापूर सरकारनें शर्यती कायमच्या बंद करण्याचें जून २०२३ मध्यें जाहीर केलें आणि शेवटची शर्यत ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं झाली. म्हणजे सोळा महिन्यांची मुदत मिळाली. मकाव येथें १५ जानेवारी २०२४ ला जाहीर होऊन १ एप्रिलपासून शर्यती बंद झाल्या. तेथें अडीच महिनेच मिळाले. सोळा महिन्यांत मालकास घोडे परदेशीं विकतां येतात व नोकरास दुसरें काम पाहतां येतें. अडीच महिन्यांत घाबरून मिळेल त्या भावानें विकावें लागतें. इंग्लंडांत तर पैजेवरील कर वाढण्याच्या भीतीनें शर्यतवाल्यांनीं १० सप्टेंबर २०२५ रोजीं देशभर एक दिवस शर्यती आपण होऊन बंद ठेवल्या. जेथें या जातीचा जन्म झाला, तेथेंही हा प्रश्न सुटलेला नाहीं.

वाचक म्हणतील, हा श्रीमंतांचा धंदा. बुडाला तर आमचें काय गेलें? याला दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, श्रीमंत मालक बुडत नाहीं. तो घोडे विकून दुसऱ्या धंद्यांत पैसा घालतो. बुडतो तो मोतद्दार, ज्यानें बालपणापासून खराऱ्याशिवाय दुसरी विद्या शिकली नाहीं. बुडतो तो नालबंद. बुडतो तो लसूणघास लावून रोजच्या रोज तबेल्यास घालणारा आसपासचा शेतकरी. आणि सर्वांत आधीं हाल होतात ते मुक्या जनावराचे, कारण न धांवणाऱ्या घोड्यास दाणा घालण्याची इच्छा फार थोड्यांस असते.

दुसरें उत्तर आपल्या अगदीं दाराशीं आहे. शेतांत काम करतांना नाग, मण्यार, घोणस, फुरसें चावलें असतां दवाखान्यांत जी सर्पविषावरील लस टोंचतात, ती घोड्याच्या रक्तापासून होते. घोड्यास विषाचे अल्प अल्प डोस देत गेलें म्हणजे त्याच्या रक्तांत विषाचा प्रतिकार करणारें द्रव्य तयार होतें. परळच्या हाफकिन संस्थेस असे घोडे लागत, आणि पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या पैदासशाळेंतील निवृत्त घोडे तेथें जात. त्यावरूनच सायरस पूनावाला यांस स्वतः लस करण्याची कल्पना सुचली व १९६६ मध्यें सीरम इन्स्टिट्यूट निघाली. शर्यतीच्या तबेल्यापासून शेतकऱ्याच्या प्राणापर्यंत जाणारी ही वाट पैजेच्या हिशेबांत कोणी मांडीत नाहीं.

आणि बैलांचें काय झालें तें आपण विसरलों नाहीं. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालानें बैलगाड्यांच्या शर्यती बंद झाल्या. राज्यानें २०१७ मध्यें कायदा केला, पण त्यासही स्थगिति मिळाली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं पुन्हां परवानगी मिळाली व १८ मे २०२३ च्या निकालानें ती कायम झाली. मधल्या सात वर्षांत पळणाऱ्या खिलार खोंडास गिऱ्हाईक उरलें नाहीं, अशी पैदासदारांची तक्रार होती. शर्यत पुन्हां सुरू करण्यास एक हुकूम पुरतो, पण मोडलेली पैदास हुकमानें उभी राहत नाहीं. वासरूं जन्मून, वाढून, गाड्यास लागेपर्यंत तीन-चार वर्षें जावींच लागतात. जनावरांस टोंचणी लावणें, दारू पाजणें, मारहाण करणें हे प्रकार होत होते म्हणून बंदी आली, हेंही आपण प्रामाणिकपणें मानलें पाहिजे. शंकरपट भरविणारांनीं नियम पाळले नाहींत तर ती पुन्हां येईल, आणि त्या वेळीं दोष कोर्टाचा नसेल.

पैजेची बाजू आम्हांस घ्यावयाची नाहीं. पैजेनें बुडालेलीं घरें महसुलाच्या कामांत आम्हीं फेरफाराच्या नोंदींत पाहिलीं आहेत. सातबारावरचें नांव एका सहीनें बदलतें. म्हणून कोणा शेतकऱ्यानें मैदानावर पैसा लावावा असें आमचें सांगणें मुळींच नाहीं. सांगणें इतकेंच कीं, सरकारास शर्यती कमी करावयाच्या असतील तर खुशाल कराव्या, पण घोडी फळविण्यापासून जनावर विकलें जाईपर्यंत जितका काळ लागतो तितकी मुदत आधीं द्यावी. आज जन्मलेल्या शिंगराचा बाजार आज मोडूं नये. दिवस कमी करावयाचे तर पुढील पांच सालांचें वेळापत्रक एकदम जाहीर करावें. मैदानाची जमीन घ्यावयाची तर तबेल्यांची सोय आधीं व्हावी. आणि पैजेवरील कराचा एक लहानसा भाग निवृत्त घोड्यांच्या दाण्याकरितां व मोतद्दारांच्या म्हातारपणाकरितां राखून ठेवावा.

हाच न्याय आपल्या जिल्ह्यासही लागू आहे. लाल कंधारी व देवणी या आपल्या जाती; मार्गशीर्षांत माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत भरणारा घोड्यांचा बाजार आपल्या शेजारच्या जिल्ह्यांतला. जनावरांचा बाजार, प्रदर्शन, शंकरपट यांच्या तारखा व नियम यात्रेच्या तोंडावर न ठरतां वर्षभर आधीं ठरावेत, अशी मागणी गांवोगांवच्या सोसायट्यांनीं तहसिलींत व जिल्हा परिषदेंत लेखी करावी. ती करतांना आपल्या गांवीं कोणत्या जातीचीं किती जनावरें आहेत, किती खोंड पुढील दोन सालांत विक्रीस येतील, याची यादी जोडावी. आंकड्यावांचून केलेली मागणी कारकून फाइलींत घालतो. आंकडे जोडलेल्या अर्जाला कांहीं तरी उत्तर द्यावेंच लागतें, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

पीक एका हंगामाचें असतें, म्हणून एका सालाच्या धोरणानें शेतकरी कसाबसा तरतो. जनावराची पिढी चार-पांच सालांची असते. तिला एका सालाचें धोरण पुरत नाहीं. घोडा असो वा बैल, त्याच्या वयाइतकी तरी मुदत त्याच्या मालकास मिळावी, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करतों.